विषाणूला दुबळं ठेवण्याची नोकरी

मी शिकले पशुवैद्यक. कामाची पहिली काही वर्षं वासरांच्या फुप्फुसांवर गेली. पुढे तान्ह्या मुलांच्या लशीवर काम करणाऱ्या गटात गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, हिने क्षेत्र बदललं. खरं तर विषाणू जवळजवळ तोच होता. रेस्पिरेटरी सिन्सिशिअल व्हायरस, आमच्या बोलण्यात नुसता आरएसव्ही. माणसाचा तो १९५६ साली आधी सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी बाळांमध्ये. गुरांचा १९७० मध्ये सापडला. दोघांची जनुकं दहा-दहाच आणि त्यांचा क्रमही तोच. वासरू मान लांब करून, तोंड उघडं ठेवून श्वास घेतं. बाळाच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते. फुप्फुसाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की दोन्हीकडे तेच चित्र दिसतं: बारीक श्वासनलिका मेलेल्या पेशींनी आणि चिकट स्रावाने तुंबलेल्या.

२०१९ या एका वर्षात पाच वर्षांखालच्या सुमारे एक लाख मुलांचे मृत्यू या विषाणूमुळे झाले, असा अंदाज आहे. त्यातले जवळजवळ सगळे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. तरी मुलांना स्वतःची प्रतिकारशक्ती देणारी लस अजून बाजारात नाही. गुरांसाठी आहे, बऱ्याच वर्षांपासून. हे ऐकून लोक चकित होतात. मीही सुरुवातीला व्हायचे.

यामागे एक जुना घाव आहे, आणि या कामात येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्याच आठवड्यात दाखवला जातो. १९६६ साली अमेरिकेत फॉर्मलिनने मारलेल्या आरएसव्हीची लस बाळांना टोचली गेली. पुढच्या मोसमात विषाणू आला, तेव्हा लस घेतलेल्या एका गटातल्या २० बाळांना संसर्ग झाला. त्यातल्या १६ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि दोन दगावली. लस न घेतलेल्या गटात २१ जणांना संसर्ग झाला होता, दाखल एकच. लशीने रोग नुसता रोखला नाही असं नव्हे, तिने तो वाढवला. नंतर कळलं की अशा लशीने अँटीबॉडी भरपूर तयार होतात, पण बहुतेक नुसत्या चिकटतात, विषाणूला निकामी करत नाहीत. शिवाय पेशींची प्रतिक्रिया ॲलर्जीसारख्या दिशेने जाते. फॉर्मलिनने मारलेली गुरांची लस देऊन हाच प्रकार वासरांमध्येही घडवून दाखवता आला. आमच्या गटात वासरांचं काम चालू राहिलं त्याचं हे एक मोठं कारण. उंदराला माणसाचा आरएसव्ही नीट होतच नाही. वासराला त्याचा स्वतःचा होतो.

म्हणून जिवंत लस. नाकात सोडायची, म्हणजे विषाणू नेहमीच्या वाटेनेच शिरतो, थोडा वाढतो आणि शरीराला खरी ओळख करून देतो. आजवरच्या जिवंत आरएसव्ही लशींच्या चाचण्यांत १९६६ सारखा बिघाड दिसलेला नाही. पण ‘थोडा वाढतो’ या दोन शब्दांत माझी सगळी नोकरी सामावलेली आहे. जास्त वाढला तर तीन महिन्यांच्या बाळाचं नाक चोंदतं, आणि त्या वयाचं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. कमी वाढला तर शरीराला पत्ताच लागत नाही.

आमच्या आधीच्या पिढीने हे काम अंदाजानेच केलं, आणि मला त्या चिकाटीबद्दल मनापासून आदर आहे. १९६० च्या दशकात विषाणू गाईच्या भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवला गेला, तापमान हळूहळू २६ अंशांपर्यंत उतरवत. असे ५२ पॅसेज, म्हणजे एका भांड्यातून पुढच्या ताज्या पेशींवर नेण्याच्या फेऱ्या. थंडीत वाढायला शिकलेला विषाणू शरीराच्या उबेत अडखळेल ही आशा होती. तेवढ्याने भागलं नाही, मग रसायनं वापरून आणखी उत्परिवर्तनं घातली. त्यातून निघालेली एक लस मोठ्या मुलांमध्ये सौम्य ठरली. एक-दोन महिन्यांच्या बाळांना मात्र दिली तेव्हा त्यांची नाकं चोंदली. झालं, संपलं. तीस वर्षांच्या मेहनतीने नेम थोडासाच चुकला होता. पण तो नेमका कशाने चुकला आणि कुठला स्क्रू किती फिरवायचा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

१९९५ पासून ते सांगता यायला लागलं. त्या वर्षी आरएसव्ही पहिल्यांदा डीएनएच्या प्रतीपासून बनवला गेला, आणि १९९९ मध्ये गुरांचा. मी पहिल्यांदा हे स्वतः केलं तेव्हा ते मला अघोरी वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. विषाणूचा सगळा जीनोम, सुमारे १५,२०० अक्षरांचा, एका प्लास्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळात, असतो. सोबत चार छोटी प्लास्मिडं, विषाणूची कॉपी काढणाऱ्या यंत्राचे चार भाग बनवणारी. हे पाचही एकत्र हॅमस्टरच्या मूत्रपिंडाच्या अशा पेशींमध्ये घालायचे, ज्यांच्यात प्लास्मिड वाचणारं एक एन्झाइम आधीच बसवलेलं आहे. मग वाट बघायची. कधी काहीच होत नाही. कधी काही दिवसांनी एका कोपऱ्यात शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी, अनेक केंद्रकांची गाठ होते. विषाणूच्या नावातलं सिन्सिशिअम ते हेच. तोवर त्या फ्लास्कमध्ये एकही विषाणू नव्हता. आता आहे, आणि त्याच्यात कुठे काय बदललंय हे अक्षरापर्यंत मला माहीत आहे, कारण ते मीच लिहिलेलं असतं.

काय बदलायचं याचे काही पर्याय आता सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. माझ्या आवडीचा एनएस-२. एनएस-१ आणि एनएस-२ ही दोन प्रथिनं पेशीची पहिली धोक्याची घंटा, म्हणजे इंटरफेरॉन, दाबून टाकतात. हे आधी गुरांच्या विषाणूत समजलं, आणि मी पशुवैद्यक असल्याने हे सांगायची संधी सोडत नाही. एनएस-२ काढला की विषाणू वाढतो, पण गुपचूप नाही. एम२-२ हे आणखी एक प्रथिन काढलं तर गंमत आणखी वेगळी. विषाणू स्वतःच्या प्रती कमी काढतो आणि प्रथिनं जास्त बनवतो. २०१५ मध्ये आलेल्या एका चाचणीत असा विषाणू मुलांच्या नाकात आधीच्या लशीपेक्षा कमी वाढला आणि तरी त्याने निष्क्रिय करणाऱ्या अँटीबॉडी जास्त दिल्या. तोवर आम्ही सगळे धरून चाललो होतो की वाढ आणि परिणाम हे एकाच दोरीने बांधलेले आहेत, एक खाली नेलं की दुसरं खाली येणारच.

हे सगळं ऐकायला छान आहे. विषाणूला दुबळं करणं हा मात्र या कामातला सोपा भाग. एखादं जनुक काढलं, एखादं अक्षर बदललं, झाला दुबळा. विषाणूला तसं राहायचं नसतं, अवघड तिथे आहे. आरएसव्हीसारख्या आरएनए विषाणूच्या कॉपी काढणाऱ्या यंत्राला चुका तपासायची सोय नाही, त्यामुळे प्रत्येक पिढीत थोडे वेगळे विषाणू निघतात. त्यातल्या एखाद्याला योगायोगाने जुनी ताकद मिळाली की तो बाकीच्यांना मागे टाकतो. एका जुन्या उष्णतासंवेदी लसविषाणूत हे १९७० च्या दशकात मुलांच्या शरीरातच घडलेलं दिसलं.

म्हणून आम्ही विषाणूला मुद्दाम छळतो. फ्लास्कमध्ये ३२ अंशांवर सुरुवात करायची, मग एकेक पॅसेजला तापमान थोडं वाढवत न्यायचं. ३६, ३७, ३८, पुढे जमेल तिथपर्यंत. ज्या तापमानाला विषाणूची वाढ ३२ अंशांच्या तुलनेत शंभरपट किंवा त्याहून जास्त घटते, ते त्याचं ‘शटऑफ’. नाकातली हवा थंड, फुप्फुस उबदार, त्यामुळे नाकात वाढेल पण खाली उतरणार नाही असा विषाणू हवा असतो. पॅसेज चालू असताना दर टप्प्यावर सीक्वेन्सिंग, म्हणजे जीनोमची अक्षरं वाचून बघणं. त्या फाइली उघडायच्या वेळी मी कुणाशी बोलत नाही.

मी बनवलेल्या एका विषाणूत, कॉपी काढणाऱ्या एल या प्रथिनात एकच अक्षर बदललेलं होतं. पहिल्या काही पॅसेजमध्ये सगळं स्थिर. मग सीक्वेन्सिंगच्या आलेखात त्या जागी मूळ अक्षराचा एक बारीक उंचवटा दिसायला लागला, मुख्य शिखराच्या पायथ्याशी. पुढच्या पॅसेजला तो जाडसर झाला. त्याच्या पुढच्याला दोन्ही शिखरं सारखी. विषाणू परत निघाला होता, आणि त्याला उष्णतेशिवाय कसलाही आधार मी दिला नव्हता. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आलेख बघितला आणि एवढंच विचारलं, “परत फिरायला किती अक्षरं लागतात?” एक. “मग तीन कर.”

यावर उपाय आहे, आणि तो मला अजूनही देखणा वाटतो. एका अमिनो आम्लासाठी तीन अक्षरांचे अनेक पर्याय असतात. त्यातला असा निवडायचा की मूळ अमिनो आम्लाकडे परतायला एकाऐवजी दोन किंवा तीन अक्षरं एकदम बदलावी लागतील. एका किल्लीचं कुलूप काढून तीन किल्ल्यांचं बसवायचं, आणि तिन्ही किल्ल्या एकाच वेळी फिरवाव्या लागतील अशी व्यवस्था करायची. त्याहून पक्का मार्ग म्हणजे अक्षरं बदलायचीच नाहीत, काढूनच टाकायची. एल प्रथिनातलं १३१३ व्या जागचं अमिनो आम्ल असं काढून टाकलेला एक विषाणू आज मुलांच्या चाचण्यांपर्यंत गेलेला आहे. जे नाही ते परत आणता येत नाही, इतका साधा तर्क. पण विषाणूने तिथेही वाट शोधली होती. शेजारच्या, १३१४ व्या जागी बदल करून त्याने तोटा भरून काढला. मग संशोधकांनी ती शेजारची जागाही अशा अमिनो आम्लाने बांधली की तिकडून निसटणं अवघड व्हावं. मी हा शोधनिबंध वाचला तेव्हा माझा तो उंचवटा ताजा होता, आणि मला एकदम बरं वाटलं. हा प्राणी सगळ्यांनाच असा वागवतो.

यानंतरचा भाग लस बनवण्यातला सर्वांत कंटाळवाणा, आणि खरं तर इथेच बहुतेक वेळ जातो. आरएसव्ही नाजूक आहे. तो पेशीला धरून बसतो, सुटा करायला जावं तर मरतो, साधं गोठवलं तरी मरतो. साखरेचं स्थिरकारक घालून, कोरड्या बर्फात झटकन गोठवून, उणे ८० अंशांत ठेवायचा. गोठवण्याआधी आणि नंतर टायटर, म्हणजे जिवंत विषाणूचं प्रमाण, मोजायचा. बाटल्यांवर लेबलं. लशीसाठी व्हेरो, म्हणजे माकडाच्या मूत्रपिंडापासूनच्या, पेशी सोयीच्या, कारण त्या स्वतः इंटरफेरॉन बनवत नाहीत आणि एनएस-२ नसलेला विषाणूही त्यांच्यात खुशाल वाढतो. पण व्हेरोमध्ये वाढलेल्या विषाणूचं ‘जी’ नावाचं प्रथिन कापलं जातं, आणि तसा विषाणू माणसाच्या श्वासमार्गाच्या खऱ्या पेशींना चिकटायला कमी पडतो. म्हणजे जिथे विषाणू छान पिकतो तिथेच त्याचं एक टोक बोथट होतं. टायटर व्हेरोवर मोजला तर आकडा भरघोस दिसतो आणि नाकात गेल्यावर तोच विषाणू अपेक्षेहून दुबळा निघतो. म्हणून आम्ही श्वासमार्गाच्या पेशींची अशी कल्चरही ठेवतो, ज्यांचा वरचा पृष्ठभाग हवेत असतो. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे केस एका लयीत हलताना दिसतात. नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्यांदा हेच दाखवते, कारण पुढचे कित्येक महिने त्यांच्या वाट्याला फक्त प्लाक, म्हणजे विषाणूने पेशींच्या थरात पाडलेले डाग, मोजणं येणार असतं.

वासरांकडे आलं की माझा जीव भांड्यात पडतो, निदान ओळखीचं अंगण. इथे दोन गोष्टी माणसाहून वेगळ्या. वासराचं नेहमीचं तापमानच साडेअडतीस ते साडेएकोणचाळीसच्या आसपास, म्हणून माणसासाठी लावलेला शटऑफ इथे कामाचा नाही, सगळी मोजणी वर सरकवावी लागते. आणि दुसरं, चीक. मानवी बाळाला आईच्या अँटीबॉडी पोटात असतानाच वारेतून मिळतात. वासराला जन्मतः जवळजवळ काहीच मिळत नाही, पहिल्या काही तासांत पाजलेल्या चिकातूनच सगळं येतं. त्या अँटीबॉडी वासराला सांभाळतात आणि टोचलेली लस मात्र हाणून पाडतात. नाकात सोडलेली लस त्यांच्यातून बरीचशी निसटते, कारण तिला नाकातल्या अस्तरावरच काम करायचं असतं. गुरांसाठी नाकात द्यायच्या जिवंत लशी बाजारात आल्या त्या याच कारणाने.

कागदावर ‘प्रत्येक नाकपुडीत ठरलेली मात्रा’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात एकाने मान धरायची, दुसऱ्याने नाक वर करायचं, आणि लस आत गेली की वासरू असं फुरफुरतं की अर्धी आपल्या चेहऱ्यावर. किती आत राहिली हा प्रश्न प्रत्येक वेळी असतोच. मग रोज नाकातून स्वाब, तापमान, श्वासांची मोजणी. काही आठवड्यांनी खरा, धडधाकट विषाणू द्यायचा आणि सहा-सात दिवसांनी फुप्फुसं बघायची. लस न दिलेल्या गटातल्या वासरांची फुप्फुसं पुढच्या भागात घट्ट, जांभळट झालेली असतात. कधी हवा पेशीजालात फुटून शिरलेली असते आणि बोटाखाली करकरते. प्रयोगाची गरज मला पटलेली आहे. त्या दिवशी जेवण जात नाही हेही तितकंच खरं.

एनएस-२ किंवा एसएच हे जनुक काढलेले गुरांचे विषाणू वासरांना संरक्षण देतात हे अनेक गटांनी दाखवलेलं आहे. आमच्या वासरांतही फरक डोळ्यांनी दिसण्याइतका होता. पण त्यावरून बाळांबद्दल ठाम काही म्हणायला मी धजत नाही. माणसाच्या विषाणूची एनएस प्रथिनं गाईच्या पेशीत कमी चालतात. गाईच्या विषाणूची गाईतच चांगली चालतात. विषाणू चुलत भाऊ असले तरी आपापल्या घरातच हुशार आहेत.

मुलांच्या चाचण्यांत माझा भाग लहान आणि दुरून होता. तिथे पायऱ्या ठरलेल्या. आधी प्रौढ, मग आरएसव्ही होऊन गेलेली मोठी मुलं, आणि मगच कधीच न झालेली लहान मुलं, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय. कुणाला लस आणि कुणाला नुसतं पाणी हे ना आईवडिलांना माहीत, ना डॉक्टरांना, ना मला. माझ्याकडे फक्त क्रमांक लिहिलेल्या, नाक धुतलेल्या पाण्याच्या कुप्या यायच्या. त्यातून विषाणू मोजायचा, वाढवायचा, सीक्वेन्स करायचा. एक गोष्ट मी आधी कधी विचारातच घेतली नव्हती: या वयाच्या मुलांना सर्दी सतत होतच असते. नाकातून पाणी आलं की लगेच लशीवर संशय घ्यावा, तर नुसतं पाणी दिलेल्या मुलांच्या नाकातूनही तितकंच आलेलं. दर वेळी तपासून बघावं लागतं की हे आपल्याच विषाणूचं काम की शेजारून आलेल्या ऱ्हायनोव्हायरसचं. वासरांच्या गोठ्यात मी दार बंद करू शकत होते.

आणि मग खूप मोठी वाट. मुलांना लस मोसमाबाहेर द्यायची, पुढचा मोसम येईपर्यंत थांबायचं, तो संपेपर्यंत पुन्हा थांबायचं. या काळात दुसऱ्या वाटा पुढे गेल्या. २०१३ मध्ये, विषाणू ज्याच्या मदतीने पेशीत शिरतो त्या एफ प्रथिनाचा, शिरण्याआधीचा आकार हाती लागला आणि चित्र पालटलं. २०२३ पर्यंत ज्येष्ठांसाठी लशी आल्या, गरोदर आईला द्यायची लस आली, आणि बाळाला थेट टोचायची निर्सेव्हिमॅब ही अँटीबॉडी, जी सुमारे पाच महिने पुरते. लोक मला विचारतात, मग तुमची लस आता कशाला? माझं उत्तर आहे की उसनी अँटीबॉडी उतरते, आणि उतरल्यावर मूल वर्षा-दीड वर्षाचं असताना विषाणू त्याच्या दारात उभाच असतो. २०२४ मध्ये लहान बाळांवरची एक एमआरएनए लशीची चाचणी थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्यांमध्ये गंभीर आजार जास्त दिसले. तेव्हा १९६६ ची ती पानं आमच्याकडे पुन्हा टेबलावर आली. जिवंत लशीच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा मुद्दा आयता मिळाला, पण मला त्यात आनंद वाटला नाही. अशा बातमीनंतर सगळ्याच लशींच्या चाचण्यांची दारं जड होतात, आमच्यासकट.

आता आमच्यापुढचं काम थोडं बदललंय. निर्सेव्हिमॅब घेतलेल्या बाळाच्या रक्तात महिनोन्महिने अँटीबॉडी असणार, चीक प्यायलेल्या वासरासारख्याच, फक्त एकाच प्रकारच्या आणि फार ताकदवान. आमच्यासाठी हा प्रश्न नवा नाही. सध्या आम्ही श्वासमार्गाच्या कल्चरमध्ये त्या अँटीबॉडीच्या वेगवेगळ्या प्रमाणांसह लसविषाणू वाढवून बघतोय, आणि गोठ्यात चीक भरपूर प्यायलेली आणि कमी प्यायलेली अशी वासरं वेगळी करून त्यांच्या नाकातला आयजीए, म्हणजे अस्तरावरची अँटीबॉडी, मोजतोय. लशीचं वय दोन महिन्यांवरून सहा महिन्यांपुढे सरकवायचं की मात्रा वाढवायची, यावर गटात दोन तट पडलेत. मी वय सरकवण्याच्या बाजूने आहे, कारण मात्रा वाढवली की विषाणूंची संख्या वाढते, आणि संख्या वाढली की परत फिरणारा एखादा त्यात असण्याची शक्यताही.